प्रवेशाचा ताप

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात सर्दी-खोकला, जुलाब आणि हिवतापाचे रुग्ण वाढतात, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण गेली काही वर्षे याच दिवसांत आणखी एक ताप घरोघरी शिरू लागला आहे. थर्मामीटर लावून तो कळत नाही. आईचे डोके दुखते, वडिलांचे ब्लडप्रेशर वाढते, मुलाची झोप उडते आणि आजीला घास गोड लागत नाही. चार प्रश्न विचारले की उलगडा होतो. बारावीचा व सीईटीचा निकाल लागलेला असतो, प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात, आणि घरात दोन कागद समोरासमोर पडलेले असतात. एका कागदावर मुलाने दोन वर्षे उराशी बाळगलेल्या कॉलेजचे नाव असते. दुसऱ्यावर त्याहून साधे, पण शिष्यवृत्तीमुळे खिशाला परवडणारे कॉलेज असते.

यातले कोणते घ्यावे, हा प्रश्न खरे तर शिक्षकांना विचारायचा. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. पण या निर्णयाचे बरेवाईट परिणाम पुढची चार-पाच वर्षे माझ्या तपासणीच्या टेबलावर येत असतात. म्हणून आजच्या लेखात या प्रश्नाकडे आरोग्याच्या बाजूने पाहू.

चिंतेने शरीरात काय होते?

संकट समोर दिसले की शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात सोडते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, यकृत साठवलेली साखर बाहेर काढते. कुत्रे मागे लागले तर पळण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. पण फीची चिंता कुत्र्यासारखी पाच मिनिटांत मागे सरत नाही. ती महिनोन्महिने राहते. मग झोप तुटते, पित्त वाढते, मान आणि खांदे आखडतात, आणि ज्यांना आधीच मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांचे आकडे हाताबाहेर जातात.

पैशाची चिंता विचारशक्तीवरही परिणाम करते. तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची विचारशक्तीची चाचणी दोनदा घेतली होती, एकदा ऊस तुटण्याआधी हात आखडता असताना आणि एकदा पैसे हातात आल्यावर. ओढगस्तीच्या दिवसांत त्याच माणसांना चाचणी कमी जमली. माणूस तोच, बुद्धी तीच, पण अर्धे लक्ष पैशात अडकलेले! आपल्याकडे ऊसबिलाची वाट पाहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. अर्थ असा की, कर्जाच्या काळजीत चार वर्षे काढणारा विद्यार्थी आणि त्याचे घर यांना त्या काळजीची किंमत अभ्यासात आणि तब्येतीतही मोजावी लागू शकते.

गोळ्या बंद करून जमवलेली फी

२०२४ च्या जुलैमधली गोष्ट आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) साखर कारखान्यात नोकरी करणारे एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय अठ्ठेचाळीस, सहा वर्षांचा मधुमेह, सोबत रक्तदाब. थकवा येतो, रात्री चार वेळा लघवीला उठावे लागते, अशी तक्रार. उपाशीपोटी साखर २६२ भरली, रक्तदाब १६८/१०२. हा माणूस गोळ्या चुकवणारा नव्हे. खोदून विचारले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तीन महिने झाले, गोळ्या बंदच केल्यात. गोळ्या काय कुठं पळून जात नाहीत. पोरीच्या ॲडमिशनची तारीख पळून जाते."

मुलीला पुण्यातल्या एका नामवंत खासगी विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. फी आणि राहणे-खाणे धरून वर्षाला पाच लाख, म्हणजे चार वर्षांचे वीस लाख. दुसरीकडे, सरकारी प्रवेश फेरीतून दीड तासाच्या अंतरावरच्या कॉलेजात जागा मिळत होती आणि तिथे शिक्षण शुल्क माफ होणार होते. वसतिगृह, मेस, पुस्तके मिळून वर्षाला साधारण एक लाख दहा हजार, म्हणजे चार वर्षांचे चार लाख चाळीस हजार. मुलीला पुणेच हवे होते, आणि वडिलांनी तिला शब्द दिला होता. दहा लाखांचे कर्ज, उरलेल्यासाठी एक एकर रान आणि फंडातली रक्कम, असा त्यांचा हिशेब होता. या हिशेबात त्यांच्या गोळ्यांचे अकराशे रुपयेही 'वाचवलेल्या' रकमेत जमा होते.

मी त्यांना एवढेच दाखवले की, महिना अकराशे म्हणजे चार वर्षांचे बावन्न हजार आठशे. वीस लाखांच्या खर्चात ही रक्कम कुठेच दिसत नाही. पण याच गोळ्यांअभावी मूत्रपिंड, डोळे किंवा हृदय बिघडले, तर जमवलेले सगळे दवाखान्यात जाईल आणि ज्या पगारावर हप्ते फेडायचे तो पगारच थांबेल. घरातला कमावता माणूस ही त्या कर्जाची खरी जामीनकी असते. शिवाय औषध स्वस्तात मिळण्याचे मार्ग आहेत. जनऔषधी केंद्रात मधुमेह-रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या बऱ्याच कमी किमतीत मिळतात. सरकारी दवाखान्यांतही त्यांची तपासणी व औषधे उपलब्ध असतात. डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यावे, पण परस्पर बंद करू नये.

त्याच आठवड्यात ती मुलगीही डोके दुखते म्हणून आली. अशा वेळी 'टेन्शन आहे' म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. तिचे डोळे तपासले, रक्त पाहिले. हिमोग्लोबिन ९.८ निघाले. या वयाच्या मुलींत ते १२ च्या वर हवे. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. पण झोपही चार-पाच तासांवर आली होती, हे तिनेच सांगितले. "पप्पा काही बोलत नाहीत. नुसतं 'मी बघतो' म्हणतात. मला त्याचीच भीती वाटते," असे ती म्हणाली. वडिलांच्या परवानगीने, त्यांच्यासमोर आणि तिच्या आईसमोर, मी तिला गोळ्यांची गोष्ट सांगितली. कोणते कॉलेज घ्यावे हे मी सांगितले नाही. ते माझे काम नव्हते. एवढेच म्हणालो, "बाळ, हिशेबाच्या वहीत हा आकडाही धर, आणि मग तुम्ही तिघे मिळून ठरवा."

फीचा आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे

कर्जाबाबत घरोघरी एक गैरसमज आढळतो. दहा लाख घेतले म्हणजे दहा लाख फेडायचे, असे नसते. समजा, दर वर्षी अडीच लाख याप्रमाणे दहा लाख घेतले आणि व्याज १० टक्के आहे. शिक्षणाची चार वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, पण व्याज मोजले जात असते. सरळव्याजाने धरले तरी ते साडेतीन लाखांच्या घरात जाते. म्हणजे पहिला हप्ता सुरू होताना कर्ज साडेतेरा लाख झालेले असते. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १७ हजार ८०० रुपये हप्ता बसतो, आणि एकूण फेड एकवीस लाखांवर जाते. शिकताना व्याज भरत राहिले तर हप्ता १३ हजार २०० च्या आसपास राहतो. नव्या इंजिनिअरचा पहिला पगार किती असतो, याची चौकशी करून हा आकडा त्याच्याशेजारी लिहावा.

मदतीच्या योजनाही नीट समजून घ्याव्यात. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण ही सवलत सरकारी प्रवेश फेरीतून घेतलेल्या प्रवेशालाच लागू आहे. व्यवस्थापन कोट्यातील जागा, खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयं-अर्थसहाय्यित विद्यापीठे तीत येत नाहीत. वर उल्लेखिलेल्या मुलीच्या दोन कागदांतला मोठा फरक यामुळेच पडला होता. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्या यादीतल्या संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण व जामिनाशिवाय कर्ज मिळू शकते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, अटींनुसार, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याजसवलत आहे. आपले कॉलेज त्या यादीत आहे का, हे आधी पाहावे.

शिष्यवृत्तीच्या अटीही पहिल्याच दिवशी वाचाव्यात. दर वर्षी नव्याने अर्ज करायचा का? किती गुण राखावे लागतात? हजेरी किती लागते? काही खासगी संस्था पहिल्या वर्षी भरघोस सूट देतात, पण गुण ठरावीक पातळीखाली गेले की ती काढून घेतात. एखाद्या सत्रात मुलगा डेंग्यूने पंधरा दिवस आजारी पडला तर काय, हा प्रश्न विचारायला लाजू नये.

अटींचा विषय निघाला म्हणून एक थोर उदाहरण सांगतो. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव दाखल झाले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर संस्थानची नोकरी करण्याची अट तिला होती. पुढे लंडनमध्ये शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पण त्यांनी तो विषय सोडला नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचेही साहाय्य झाले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांना तिथली डी. एस्सी. मिळाली. आज सुटलेली गाडी ही आयुष्यातली शेवटची गाडी नसते, हे आपल्या मुलांना सांगायला याहून मोठा दाखला नको.

कॉलेजच्या नावाचे वजन किती?

'मोठ्या कॉलेजात गेले म्हणजे आयुष्याचे सोने झाले' हे कितपत खरे? अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अभ्यासकांनी याचा शोध घेतला. १९७६ साली कॉलेजात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची पुढील कमाई त्यांनी पाहिली आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सारख्याच दर्जाच्या नामवंत कॉलेजांत प्रवेश मिळालेल्या मुलांपैकी काही तिथे गेली, काही कमी नावाच्या कॉलेजात गेली. पुढे दोघांच्या कमाईत फारसा फरक आढळला नाही. जिद्द आणि कुवत मुलाबरोबर जात असते. मात्र याच अभ्यासात, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना नामवंत कॉलेजाचा फायदा झालेला दिसला. ज्यांच्या घरात ओळखीपाळखी नाहीत त्यांना तिथला सहवास उपयोगी पडत असावा. अमेरिकेचे गणित आपल्याला जसेच्या तसे लागू होणार नाही. पण 'नावाला काही अर्थ नाही' आणि 'नावातच सर्व आहे' ही दोन्ही टोके चूक, एवढे त्यातून घ्यावे.

माझ्याच रुग्णांपैकी एका घराने कर्ज काढून मुलाला मोठ्या कॉलेजात पाठवले आणि ते घर मजेत आहे. तिथे थोरली बहीण नोकरीला होती, हप्त्याचा आकडा सर्वांना माहीत होता, घरात कोणी आजारी नव्हते, आणि त्या मुलाला हवी असलेली शाखा दुसऱ्या कॉलेजात नव्हतीच. कर्ज म्हणजे आजार नव्हे. झेपेल तेवढे, उघडपणे घेतलेले कर्ज पचते. लपवलेले कर्ज मात्र अंगावर उठते.

स्वस्त म्हणजे सुखाचे, असेही नाही

याच्या उलट एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे आला होता. वजन सहा किलोने घटलेले, झोप नाही, अभ्यासात लक्ष नाही. वडिलांनी त्याला परवडणाऱ्या कॉलेजात घातले होते. निर्णय कदाचित योग्यही असेल, पण कारण सांगितले नव्हते. धंद्यात खोट आली हे मुलाला कळू नये म्हणून ते म्हणाले होते, "तिथं तुझा निभाव लागणार नाही." पैशाची अडचण झाकण्यासाठी मुलाच्या कुवतीवर बोट ठेवले गेले! बापाला आपल्यावर भरवसा नाही, हे शल्य घेऊन तो सहा महिने वावरत होता. सर्व तपासण्या नॉर्मल आल्या. औषधापेक्षा बापलेकांचे एकत्र बसून झालेले बोलणेच त्याला जास्त लागू पडले. अठरा वर्षांच्या मुलाला घरची परिस्थिती समजते. अपमान मात्र पचत नाही.

मागे राहिलेल्या स्वप्नाचे दुःख

त्या मुलीने शेवटी काय केले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. ती आईबरोबर दुसरे कॉलेज पाहून आली. तिथली वर्कशॉप आणि ग्रंथालय पाहिले, शेवटच्या वर्षाच्या मुलींशी बोलली, आणि तिथेच प्रवेश घेतला. रान गहाण पडले नाही. वडिलांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ९.६ वरून पुढच्या वर्षभरात ७.१ वर आली.

पण म्हणून सगळे गोड झाले असे नाही. पहिले दोन महिने ती धड जेवत नव्हती. पुण्याला गेलेल्या मैत्रिणीचे फोटो मोबाइलवर आले की रडायची. आता रुळली आहे, गुण चांगले आहेत. तरी परवा तपासणीला आली तेव्हा म्हणाली, "सर, निर्णय बरोबर होता. पण वाईट अजून वाटतं." मला तिचे बोलणे फार शहाणपणाचे वाटले. बरोबर निर्णयाचेही दुःख होऊ शकते. अशा वेळी 'त्यात काय एवढे?' असे म्हणू नये. त्या दुःखाला थोडे दिवस घरात जागा द्यावी, ते आपोआप उतरते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, हवी ती गोष्ट मिळाली नाही तर आपण किती काळ दुःखी राहू, याचा आपला अंदाज बहुधा वास्तवापेक्षा जास्त असतो.

मात्र दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, झोप-भूक गेली असेल, मूल खोलीतून बाहेर येत नसेल, 'मी सगळ्यांना ओझे आहे' असे बोलत असेल, तर थांबू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे. जीव देण्याची भाषा कधीही गमतीवारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र मोफत आणि मराठीतूनही बोलता येते.

निर्णय घेण्यापूर्वी एवढे करा

१. दोन्ही कॉलेजांचा चार वर्षांचा पूर्ण खर्च एका कागदावर लिहा. राहणे, मेस, प्रवास, लॅपटॉप, कर्जाचे व्याज, सर्व धरा.

२. त्याच कागदावर घरातल्या औषधोपचाराचा खर्च लिहा आणि त्याला हात लावायचा नाही असे ठरवा. धाकट्या भावंडांचे शिक्षणही त्यात येऊ द्या.

३. हा कागद मुलासमोर ठेवा. 'मी बघतो' हे उत्तर पुरे नाही.

४. जमल्यास दोन्ही कॉलेजे प्रत्यक्ष पाहून या. शिकणाऱ्या मुलांशी बोला. जाहिरातीतल्या चित्रावर जाऊ नका.

५. आपल्याला हवी ती शाखा, शिकवणारे प्राध्यापक आणि पुढे नोकरी लागण्याचे प्रमाण यांची तुलना करा. केवळ नावांची नको.

६. रात्री दहानंतर या विषयावर चर्चा नको. अठरापर्यंतच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते आणि अपुऱ्या झोपेत घेतलेले निर्णय भीतीपोटी घेतलेले असतात. मुदत संपायला एक दिवस असेल तर एक झोप काढून सकाळी ठरवा.

७. चाळिशीपुढच्या आईवडिलांनी या दिवसांत एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. १४०/९० च्या वर आकडा आला तर पुन्हा तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

८. प्रवेश घेतल्यावर विषय संपवा. पाहुण्यांसमोर 'तिकडे गेली असती तर' हे पालुपद नको. मुलाला त्याच कॉलेजात चार वर्षे काढायची आहेत.

पालकांनो, अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपले वाडवडील सांगत. त्यांत मी एवढेच घालीन की, अंथरूण केवढे आहे ते मुलांनाही दाखवावे. मग पाय कुठवर न्यायचे हे ती स्वतःच ठरवतात, आणि बहुधा नीट ठरवतात. ज्या निर्णयानंतर घरातल्या सर्वांना रात्री शांत झोप लागते, आणि ज्यासाठी कोणाची गोळी, कोणाचे दूध किंवा कोणाचा मान कापावा लागत नाही, तो निर्णय तुमच्या घरासाठी चांगला समजावा. यंदा प्रवेश घेणाऱ्या सर्व मुलामुलींना माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा!